विद्यार्थी भीमराव आणि अर्धवट राहिलेले कागद



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते, तेव्हा परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रावर एक लेख हवाच असतो. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, नाशिकचे काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी हे सगळे आपल्या आयाबायांनासुद्धा तोंडपाठ आहे. म्हणून यंदा मी वेगळा भाग घेतला आहे. तो म्हणजे बाबासाहेब विद्यार्थी होते तेव्हाचा. त्यातही त्यांचे अर्ज, करारनामे, मुदती, फी आणि अडकून पडलेल्या पदव्या यांची हकीकत सांगणार आहे.

हा विषय घ्यायला कारण आहे. दरवर्षी जून महिना आला की आपल्या वस्तीत एक काळजी घरोघर फिरते. पोरगं बारावी झालं, पोरगी डिप्लोमाला जायची म्हणते, आणि कागद पुरे नाहीत. जातीचा दाखला आहे तर वैधता प्रमाणपत्र नाही. उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव एक आणि आधार कार्डावर दुसरे. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर अर्धा भरून राहिला आणि शेवटची तारीख उद्यावर आली. घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, मग विचारायचे कुणाला? बाप पाळीवर, आई दुसऱ्याच्या रानात भांगलणीला. पोरगं रात्रभर तळमळतं आणि सकाळी म्हणतं, जाऊ दे, यंदा नको. हे जाऊ दे म्हणणे फार वाईट. त्या दोन शब्दांत आपल्या किती पिढ्या गेल्या, त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. मी स्वतः कारखान्यातला कामगार. जे काय शिकलो ते पाळी सुटल्यावर, विहारात बसून, पुस्तके वाचून. म्हणून मला वाटते की बाबासाहेबांचे नुसते फोटो लावून भागणार नाही. त्यांचे कागद किती वेळा अपुरे राहिले आणि ते त्यांनी कसे पुरे केले, हे पोरांना सांगितले पाहिजे.

शाळेच्या दाखल्यावरचे नाव

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी मालोजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातील आंबडवे. सकपाळ घराणे, पण गावावरून शाळेत आडनाव पडले आणि पुढे आंबेडकर हे नाव कायम झाले. सातारच्या सरकारी हायस्कुलात (आताचे प्रतापसिंह हायस्कूल) ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव दाखल झाले. तिथल्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. हा ७ नोव्हेंबर महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. घरात भिवा, रजिस्टरात भिवा, आणि जगात भीमराव. तेव्हा दाखल्यावरच्या नावात फरक पडला म्हणून कुणाचे आयुष्य थांबत नाही. फरक कुठे पडला ते शोधून दुरुस्त करून घ्यायचे असते, एवढेच.

आई भीमाबाई १८९६ साली गेल्या. सुभेदारसाहेबांना लिहितावाचता येत होते, ते लष्करी शाळेत शिकवीतही असत. पण कॉलेज म्हणजे काय, हे त्या घराने पाहिलेले नव्हते. पुढे कुटुंब मुंबईला आले. परळच्या चाळीत, गिरणीकामगारांच्या शेजारात, एका खोलीत संसार. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच झोप आणि तिथेच अभ्यास. पुस्तके हवीत म्हणून सुभेदारसाहेब लग्न झालेल्या लेकींकडे जात, त्यांचे दागिने मागून आणून गहाण टाकीत आणि पेन्शन आली की सोडवून देत. या बहिणींची आठवण आपण कमी काढतो. बाबासाहेबांच्या शिक्षणातला पहिला खर्च त्यांच्या अंगावरच्या डागांनी भागवला आहे.

एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले नाही. मग त्यांनी फारशी घेतली. विषयाच्या रकान्यात मनातले लिहिता आले नाही तर उरलेल्यातले एक लिहून पुढे जायचे, हे त्यांनी त्या वयात केले. संस्कृत त्यांनी पुढे स्वतः मेहनतीने शिकून घेतले.

१९०७ साली ते मॅट्रिक पास झाले. गुण होते ७५० पैकी २८२. आजच्या पोरांनी हा आकडा नीट वाचावा. नव्वद टक्क्यांच्या जमान्यात आपल्या पोराला साठ टक्के पडले की घरात सुतक पडल्यासारखे होते. पण त्या काळी महाराच्या मुलाने मॅट्रिक होणे हीच मोठी बातमी होती. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. १९५६ च्या दीक्षेचे बी त्या दिवशी पडले असे मी मानतो.

पंचवीस रुपये आणि एक ओळखीचा माणूस

मॅट्रिक झाल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजात नाव घातले, १९०८ साली. थोड्याच काळात पैशाची ओढाताण सुरू झाली. इथे केळुसकर गुरुजी पुन्हा मदतीला आले. ते विल्सन हायस्कुलातले शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी पूर्वीच हेरला होता. ते भीमरावांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे घेऊन गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्याच पैशावर कॉलेज चालले. कॉलेजातले प्राध्यापक मुल्लर यांनी पुस्तके दिली, अंगावर घालायला कपडेही दिले. १९१२ साली भीमराव बी. ए. च्या परीक्षेत पास झाले.

आता यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की केळुसकर गुरुजी भीमरावांचे नातेवाईक नव्हते, जातीचेही नव्हते. त्यांना फक्त कुठे जायचे आणि कुणाला भेटायचे ते माहीत होते. ज्याच्या घरात कुणी शिकलेले नसते, त्याला अक्कल कमी नसते. त्याला वाट कमी माहीत असते. ती दाखवणारा एक माणूस भेटला की काम होते. आपल्या वस्तीत आता नोकरदार, शिक्षक, क्लार्क, इंजिनियर पुष्कळ झाले. त्यांच्यापैकी केळुसकर किती झाले, हे ज्याचे त्याने बघावे.

करारनामा

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीत गेले. पंधरा दिवस होतात न होतात तोच वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारसाहेबांनी देह ठेवला. घरचा आधार गेला. बायको रमाई आणि तान्हे यशवंत घरात. असे संकट आल्यावर शिक्षणाचे नाव कोण काढतो? पण त्याच सुमारास सयाजीरावांनी काही विद्यार्थी अमेरिकेला पाठवायचे ठरवले, आणि भीमरावांनी अर्ज केला.

४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानच्या शिक्षण खात्यात करारनाम्यावर सह्या झाल्या. तीन वर्षे, दरमहा साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी. जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मधे दीड महिनासुद्धा धड नव्हता. बोटीचे तिकीट, कपडे, घरच्यांची सोय, सगळे एवढ्या दिवसांत.

कोलंबियात त्यांनी जी मेहनत केली तिला तोड नाही. अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम त्यांनी केले. शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र. १९१५ साली एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींवर निबंध वाचला. त्याच वर्षी पीएच. डी. चा प्रबंध लिहून विद्यापीठाला दिला. पण ही पीएच. डी. हातात पडायला किती वर्षे लागली ते पुढे येईलच. तिथेच आपल्या विषयाचे मर्म आहे.

पहिले लंडन आणि तुटलेली मुदत

शिष्यवृत्तीची तीन वर्षे १९१६ च्या जूनमध्ये संपली. भीमरावांना लंडनला जाऊन आणखी शिकायचे होते. प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या विद्वानांना ओळखपत्रे दिली. ऑक्टोबर १९१६ मध्ये भीमरावांनी दोन ठिकाणी नाव घातले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी. स्कूलची फी होती दहा पौंड दहा शिलिंग.

एक वर्षही पुरे झाले नाही. बडोद्याहून मिळालेली वाढीव मुदत संपली आणि दिवाणांनी परत बोलावले. महायुद्ध चालू होते. १९१७ च्या जूनमध्ये एम. एस्सी. अर्धी, बॅरिस्टरी अर्धी, अशा अवस्थेत त्यांना लंडन सोडावे लागले.

इथे त्यांनी एक काम केले, ते प्रत्येक विद्यार्थ्याने गाठ मारून ठेवावे. निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून लेखी परवानगी घेतली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल, अशी ती परवानगी होती. सोडून जाणारा माणूस आणि परवानगी घेऊन जाणारा माणूस दोघेही बोटीत बसतात, दोघांचाही अभ्यास बुडतो. पण एकाचे दार बंद झालेले असते आणि दुसऱ्याचे उघडे असते. आपल्याकडे ऊस लावला आणि नोंद केली नाही तर ऊस कितीही चांगला असो, तोड येत नाही. नोंद असली तर उशिरा का होईना, टोळी फडात येते. तसेच हे आहे.

परतीच्या प्रवासात त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट पाणसुरुंगाच्या माऱ्याने बुडाली. जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. सामानाच्या विम्याचे सहाशे रुपये मिळाले आणि त्याच पैशावर ते बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला गेले. बडोद्यात काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकलले. कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत. करारनाम्यात दहा वर्षांची नोकरी लिहिली होती, ती काही दिवसही करू दिली नाही. १९१७ सालीच ते मुंबईला परत आले.

साठवलेला पगार, माणगाव आणि आपले शाहू महाराज

आता चार वर्षांच्या मुदतीचे घड्याळ चालू होते आणि खिशात काही नव्हते. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी हा मोठा पगार. तिथेही काही प्राध्यापकांना त्यांनी एका भांड्यातले पाणी प्यालेले चालत नव्हते. ते सोसून त्यांनी सव्वा वर्षावर नोकरी केली. राहणी बदलली नाही, चाळ सोडली नाही. घरखर्चाला मोजके पैसे रमाईच्या हातात देत आणि उरलेले लंडनसाठी बाजूला टाकीत. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली.

याच काळात कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचा आणि त्यांचा संबंध आला. शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्यांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या होत्या, कोल्हापुरात वसतिगृहे काढली होती, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते. असा राजा परळच्या चाळीत भीमरावांना भेटायला स्वतः गेला. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक पाक्षिक निघाले, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगावला परिषद झाली. माणगाव तेव्हा कागल जहागिरीत होते. आज आपण कागल तालुक्यातले लोक अभिमानाने सांगतो की बाबासाहेबांना पुढारी म्हणून राजाने जाहीरपणे ओळखले ते आपल्या भागात. या बिद्रीच्या परिसरातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांच्या आजाकडून माणगावची गोष्ट ऐकलेली आहे.

पण त्या परिषदेच्या वेळी भीमरावांच्या मनात आणखी एक हिशोब चालू असणार. चार वर्षांपैकी अडीच गेली होती. जुलै १९२० मध्ये ते बोटीत बसले. स्वतःची शिल्लक, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, एवढ्यावर. मुदत संपायला सव्वा वर्ष उरले होते.

दुसरे लंडन

लंडन स्कूलची फी मधल्या काळात वाढून अकरा पौंड अकरा शिलिंग झाली होती. ती भरली, नाव परत चालू केले. ग्रेज इनमध्येही नाव चालू केले. राहायला एका बाईच्या खानावळीत. सकाळी माशाचा तुकडा, चहा, पाव. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत. रात्री भूक लागली की देशाहून नेलेले पापड भाजून खायचे. लंडनमधल्या किंग हेन्री रोडवरच्या ज्या घरात ते राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. तिथे आज लोक जोडे काढून आत जातात. तेव्हा तिथे एक अर्धपोटी विद्यार्थी राहत होता.

जून १९२१ मध्ये एम. एस्सी. पदवी मिळाली. मुदतीच्या आत.

पण त्याच वर्षी नवे संकट आले. १९२० च्या आरंभी एका रुपयाला दोन शिलिंगांच्या वर मिळत होते. पुढच्या वर्षी तोच रुपया दीड शिलिंगाच्याही खाली घसरला. म्हणजे मुंबईहून तेवढेच पैसे निघाले तरी लंडनमध्ये हातात कमी पडायचे. १९२१ च्या सप्टेंबरात त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड उसने मागितले. एवढा स्वाभिमानी माणूस, पण शिक्षणासाठी उसने मागायला त्यांना कमीपणा वाटला नाही. आणि ज्या रुपयाच्या घसरणीने त्यांचे हाल केले, त्याच रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी आपला मोठा प्रबंध लिहिला. इकडे रमाईंनी किती सोसले ते लिहायला माझी लेखणी पुरणार नाही. पाच लेकरांपैकी चार दगावली. ती माउली पडेल ते कष्ट करून संसार ओढत राहिली. घरची अडचण नवऱ्याच्या अभ्यासाच्या आड येऊ दिली नाही.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १९२१ साली बाबासाहेबांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही अर्ज केला होता. जर्मन भाषेत, स्वतःच्या हाताने आपली माहिती लिहून. एप्रिलमध्ये नाव दाखल झाले. पण लंडनचे काम, पैशाची तंगी यात तिथल्या तासांना हजर राहता आले नाही, आणि १९२२ च्या आरंभी विद्यापीठाने त्यांचे नाव पटावरून कमी केले. होय, बाबासाहेबांचे नाव पटावरून कमी झाले होते. ज्या माणसाच्या पदव्या लिहायला एक ओळ पुरत नाही, त्याचाही एक प्रवेश असा वाया गेला. तो धरून ते रडत बसले नाहीत. हातातले दोन पुरे करायला लागले.

१९२२ साली बॅरिस्टरी पूर्ण झाली. त्याच वर्षी ६ मे रोजी शाहू महाराज वारले. मोठा आधार तुटला. डी. एस्सी. चा प्रबंध, रुपयाचा प्रश्न, विद्यापीठाकडे गेला आणि मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो आहे त्या रूपात स्वीकारला नाही. इंग्रज सरकारच्या धोरणावर टीका फार कडक होती म्हणून असे झाले, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. प्रबंध परत आला तेव्हा पैसे संपलेले होते. लंडनमध्ये थांबता येईना. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला आले. परळच्या चाळीत बसून प्रबंध दुरुस्त केला, लंडनला पाठवला. ऑगस्टमध्ये तो पुन्हा दाखल झाला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये मंजूर झाला. डिसेंबरात पुस्तक निघाले. ते त्यांनी आईवडिलांना अर्पण केले. लंडनचा डॉक्टर झालेला माणूस त्या पदवीची शेवटची दुरुस्ती गिरणगावातल्या चाळीत करत होता, हे चाळीत, वस्तीत राहणाऱ्या पोरांनी विसरू नये.

वकिली सुरू करायची तर सनद हवी. सनदेला फी हवी. बॅरिस्टर झालेल्या माणसाकडे ती फी नव्हती. पुन्हा नवल भथेनाच मदतीला आले. सगळे झाले, एक कागद राहिला, हे दुखणे त्यांनीही भोगले आहे.

अकरा वर्षांनी हातात आलेली पदवी

आता त्या पीएच. डी. कडे येऊ. प्रबंध दिला १९१६ साली. विद्यापीठाचा तेव्हा नियम होता की प्रबंध छापून त्याच्या ठराविक प्रती दिल्याशिवाय पदवी मिळत नाही. छापायला पैसा कुठला? बडोद्यातली हकालपट्टी, सिडनहॅम, दुसरे लंडन, वकिलीची सुरुवात, या सगळ्यात हे काम मागे राहिले, पण त्यांनी ते टाकून दिले नाही. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा तो ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये छापून निघाला. प्रस्तावना प्रा. सेलिग्मन यांनी लिहिली. अर्पण केला सयाजीरावांना. आणि ८ जून १९२७ रोजी कोलंबियाने पीएच. डी. दिली.

साल बघा. १९२७. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी आपल्या लोकांना पाजले होते, डिसेंबरात मनुस्मृती जाळली. एवढ्या धामधुमीत अकरा वर्षांपूर्वीचा राहिलेला कागद त्यांनी पुरा करून घेतला. पुढे १९५२ साली त्याच कोलंबियाने त्यांना बोलावून सन्मानाची एलएल. डी. दिली.

जे भोगले ते दुसऱ्यांसाठी

हे सगळे भोगलेल्या माणसाने पुढे काय केले ते बघितले म्हणजे त्यांचे मोठेपण कळते. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच जानेवारीत सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मंत्री असताना १९४४ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांना मॅट्रिकच्या पुढे शिकायला केंद्र सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुले जी भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणतात, तिचे मूळ तिथे आहे. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले, १९५० साली औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. सयाजीरावांनी एकाला पंचवीस रुपये दिले होते. त्या एकाने लाखो पोरांची वाट केली.

आपण काय करायचे

आता आपल्या दाराशी आलेली गोष्ट. बिद्रीतच कॉलेज आहे, गारगोटीला मौनी विद्यापीठ आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे. आपल्या पोरांना बोटीत बसायचे नाही, एस. टी. त बसायचे आहे. तरी पोरं मागे राहतात, आणि पुष्कळदा कागदापायी राहतात.

म्हणून माझी विहाराच्या कमिटीला आणि सगळ्या कुटुंबांना विनंती आहे. पहिले म्हणजे दहावी झाल्या झाल्या जातीच्या दाखल्याच्या मागे लागा. त्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आज्याचा किंवा चुलत आज्याचा शाळेचा दाखला, गावनमुन्याचा उतारा, जे असेल ते पेटीतून काढा आणि झेरॉक्स करून ठेवा. भावकीत एकाकडे असेल तर त्याने दुसऱ्याला द्यावा. कागद दिल्याने कमी होत नाही. दुसरे, वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो. अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका आणि पोच पावती जपा. तिसरे, उत्पन्नाचा दाखला मुदतीचा असतो, एप्रिल-मे महिन्यातच नवा काढा. चौथे, नाव सगळीकडे एकसारखे आहे का ते आत्ता बघा, प्रवेशाच्या दिवशी नव्हे. पाचवे, शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरला की काम झाले असे समजू नका. त्रुटी निघून तो परत येतो. दर आठवड्याला उघडून बघावा लागतो. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. परदेशी जायची हिंमत असेल तर राज्य सरकारची शिष्यवृत्ती आहे आणि तिला नाव आपल्या राजर्षी शाहू महाराजांचे आहे.

आणि त्रुटी निघाली म्हणजे नाकारले असे नव्हे. बाबासाहेबांचा प्रबंधसुद्धा त्रुटीत निघाला होता. मुदत संपत असेल तर मुदत वाढवून मागा, पण लेखी मागा. साहेबाने तोंडी सांगितले, परत जा, तर कशासाठी परत जा ते कागदावर लिहून मागा. भांडण नको, नम्रपणे मागा. पण मागाच.

आपल्या विहारात दर रविवारी वंदना होते. मे ते ऑगस्ट या महिन्यांत वंदना झाल्यावर एक तास ज्यांना हे काम कळते अशा दोघा-तिघांनी बसावे. ज्याचा फॉर्म अडला त्याने कागद घेऊन यावे. यात लाजायचे कारण नाही. पोरींना तर आधी बसवावे, कारण पोरीचा कागद अडला की घरातले लगेच स्थळ बघायला लागतात. रमाईंना आणि त्या दागिने देणाऱ्या बहिणींना आपण काही देऊ शकत नाही. त्यांच्या नातींना एवढे देता येईल.

वर्धापनदिनाला फुले, मेणबत्त्या, भोजनदान सगळे होऊ दे. त्याबरोबर यंदा आपल्या वस्तीतले एकही पोरगे अर्धा फॉर्म उशाला घेऊन झोपू नये, एवढे आपण केले तर या विहाराच्या भिंती सार्थकी लागल्या म्हणायच्या.

जयभीम! नमो बुद्धाय!